खेळण्यांतील इंजिन

लहान मुलाच्या हातीं एखादें खेळणें दिलें आणि दोन दिवसांत त्यानें तें मोडून ठेवलें, म्हणजे घरांतील वडील माणसें त्याच्यावर रागावतात. परंतु मोडलेल्या खेळण्याकडे जरा निरखून पाहिलें, तर बहुधा असें दिसून येतें कीं, मोडतोड वाटेल तशी झालेली नसते. मोटार असेल तर तिच्या पोटाखालची पत्र्याची पट्टी तेवढी उचकटलेली असते. घड्याळ असेल तर पाठीमागचें झांकण निघालेलें असतें. हें चालतें कशानें, एवढेंच त्या मुलाला पाहावयाचें होतें. खेळणें बंद पडावें अशी त्याची मुळींच इच्छा नव्हती.

ज्या खेळण्यांत आंत पाहणें हाच खेळ आहे, अशा एका खेळण्याविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे. यंत्रांच्या चालत्या प्रतिकृतींचे संच हल्लीं बाजारांत मिळतात. पेटी उघडली म्हणजे यंत्र हातीं येत नाहीं. यंत्राचे सुटे भाग येतात, आणि ते कोणत्या क्रमानें जोडावयाचे हें सांगणारें एक पुस्तक येतें. यांतील कांहीं संच वाफेच्या इंजिनाचे असतात. त्यांत खरोखरीच पाणी उकळतें, खरी वाफ दट्ट्यास रेटते, आणि लहानसें जडचक्र गरगर फिरूं लागतें. तें पाहण्यास फार मौजेचें असतें; पण तेथें विस्तव आहे, कोंडलेली वाफ आहे, आणि तापलेलें पितळ आहे. वडील माणूस शेजारीं बसल्यावांचून तो खेळ मुलाच्या हातीं देऊं नये, आणि वाफेच्या सुरक्षा-झडपेशीं तर कोणींच खेळूं नये. दुसरे संच मोटारीच्या इंजिनाचे. त्यांचें अंग पारदर्शक प्लॅस्टिकचें असतें, पेट्रोल मुळींच लागत नाहीं. विजेरीवर चालणारी एक छोटी मोटार दट्टे वरखालीं हालविते, आणि जेथें खऱ्या इंजिनांत ठिणगी पडावयाची तेथें तांबडा दिवा लुकलुकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलास हा संच अधिक सोईचा.

अशा खेळांची परंपरा फार जुनी नाहीं, तशी अगदीं नवीहि नाहीं. इंग्लंडांत लिव्हरपूल येथें फ्रँक हॉर्नबी नांवाचे गृहस्थ मांसाची आयात करणाऱ्या एका पेढीवर कारकुनी करीत असत. आपल्या मुलांस खेळावयास त्यांनीं पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर भोंकें पाडलीं, आणि नटबोल्टांनीं त्या जोडून पूल, याऱ्या वगैरे उभारण्याची युक्ति काढली. १९०१ सालीं त्यांनीं तिचें पेटंट घेतलें, आणि १९०७ सालीं त्या खेळास 'मेकॅनो' हें नांव मिळालें. सारें मर्म त्या सारख्या अंतरावरील भोंकांत होतें. कोणतीहि पट्टी कोणत्याहि पट्टीस बसे. चुकलें तर सोडवून पुन्हां जोडतां येई. यंत्राचें काम आपल्यानें व्हावयाचें नाहीं, असें म्हणून जे वडील पेटी मुलाकडे ढकलून देतात, त्यांनीं हें एका कारकुनाचें काम आहे एवढें ध्यानांत ठेवावें.

पण ढकलून देणाऱ्या वडिलांपेक्षांहि अधिक नुकसान करणारे वडील निराळेच असतात. एका घरांतील हकीकत सांगितली म्हणजे हें स्पष्ट होईल.

सातारा जिल्ह्यांतून पुण्यास येऊन राहिलेलें हें कुटुंब. आजोबांचें वय पंचाहत्तरीच्या पुढें; हयात शेतींत गेलेली. मुलगा एका कचेरींत नोकरीस, आणि नात दहा वर्षांची. तिच्या वाढदिवसास वडिलांनीं मोटारीच्या इंजिनाचा संच आणला. लहानमोठे शंभरावर भाग, चार दट्टे, आठ झडपा. त्याच रात्रीं पेटी उघडली गेली. वडिलांस हौस मोठी, पण वेळ थोडा. दुसरे दिवशीं कचेरी होती. पेचकस त्यांच्या हातीं, पुस्तक त्यांच्या पुढें, आणि मुलीकडे काम एवढेंच कीं, मागतील तो स्क्रू उचलून द्यावा. "हा नव्हे, तो लांब दे," असें दोन तास चाललें. नऊ वाजतां मुलगी तेथेंच झोपीं गेली. दुसऱ्या रात्रीं वडिलांचें काम मध्येंच अडलें. जोडलेले भाग तसेच पेटींत गेले, आणि पेटी कपाटावर गेली. या गृहस्थांस वाईट पिता कोणी म्हणणार नाहीं. ते जें करीत होते तें मुलीसाठींच करीत होते; फक्त तें मुलीनें करावयाचें होतें.

दिवाळीच्या सुट्टींत ती पेटी आजोबांनीं खालीं काढावयास लावली. त्यांची दृष्टि अधू झालेली आणि बोटांस कंप. तांदळाएवढा स्क्रू त्यांच्या चिमटींत राहीना. पुस्तक इंग्रजींत, तें त्यांस वाचतां येईना. हें त्यांचें न्यून, पण मुलीच्या दृष्टीनें तें मोठें भाग्यच ठरलें. स्क्रू पिळावयाचा तर तो तिनेंच पिळला पाहिजे. पुस्तक वाचावयाचें तर तिनेंच वाचून आजोबांस मराठींत समजावून दिलें पाहिजे. आणि जें स्वतःस उमगलें नाहीं, तें दुसऱ्यास मराठींत सांगतां येत नाहीं, हें तिच्या पहिल्याच पानावर ध्यानांत आलें.

आरंभीं त्यांनीं वडिलांनीं जोडलेलें सर्व सोडविलें. मग वर्तमानपत्र पसरून भाग मोजले. आजीनें आपला जुना मिसळणाचा डबा दिला. मोहरी-जिऱ्याच्या वाट्यांत लांबीप्रमाणें स्क्रू पडले. या कामास एक संपूर्ण सकाळ गेली, आणि ती मुळींच फुकट गेली नाहीं. ज्यानें भाग मोजले नाहींत त्यास शेवटीं एक स्क्रू उरला म्हणजे तो कोठला हें कळत नाहीं.

आजोबांस इंग्रजी येत नव्हतें खरें, पण क्रँक, पिस्टन, रिंग, वायसर, नोझल हे शब्द त्यांच्या तोंडीं होते. हे शब्द त्यांनीं विहिरीवर मिळविले होते. महाराष्ट्रांत विहिरीवरील मोट जाऊन तेथें तेलाचें इंजिन आलें, ही एक मोठीच क्रांति होय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडीची वसाहत उभारून लोखंडी नांगर काढण्याचा उद्योग वाढविला, आणि १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढें गांवोगांवीं वीज येईपर्यंत ओढ्याकांठीं, विहिरीकांठीं इंजिनाचा ठोका ऐकूं येत असे. हीं इंजिनें डिझेलचीं, बहुधा एका सिलिंडरचीं. त्यांत ठिणगी नसते. आंतील हवा इतकी दाबली जाते कीं, त्या दाबानेंच ती तापते, आणि वरून तेलाचा फवारा आला म्हणजे तें पेट घेतें.

असें एक इंजिन आजोबांनीं वीस वर्षें हातानें सुरू केलेलें होतें. इंजिनाच्या डोक्यावर एक लहानशी कळ असे. ती उचलून धरावयाची, हँडल घालून जडचक्र जोरानें फिरवावयाचें, आणि चांगला वेग आला म्हणजे कळ सोडावयाची. भक्‌कन आवाज होऊन इंजिन चालूं लागे. वेग कमी पडला तर हँडल उलटें मारी. त्यानें कित्येकांचीं मनगटें मोडलेलीं. हें सारें आजोबांस पाठ होतें. परंतु ती कळ उचलल्यानें आंत काय होतें, हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. मिस्त्री इंजिन उघडी, तेव्हां तो त्यांस हटकून पाणी आणावयास पाठवीत असे. विद्या झांकून ठेवण्याची आपल्याकडील ही खोड केवळ मिस्त्र्यांतच आहे असें नाहीं.

पारदर्शक सिलिंडरांत पहिला दट्ट्या बसला, तेव्हां नातीनें पुस्तकावरून चार धांवांचा क्रम वाचून दाखविला. दट्ट्या खालीं जातो, एक झडप उघडते, हवा व इंधन आंत येतें. ही पहिली धांव. दोन्ही झडपा मिटतात, दट्ट्या वर येऊन आंतील मिश्रण दाबतो, ही दुसरी. ठिणगी पडते, मिश्रण पेटतें व दट्ट्यास खालीं रेटतें. ही तिसरी, आणि या एकीनेंच कांहीं काम होतें. मग दुसरी झडप उघडते आणि वर येणारा दट्ट्या जळका वायु बाहेर लोटतो. फ्रान्समध्यें बो द रोशा यानें १८६२ सालीं हा क्रम कागदावर मांडला, आणि जर्मनींत निकोलाउस ओटो यानें १८७६ सालीं अशा क्रमानें चालणारें इंजिन यशस्वी करून दाखविलें. चार धांवांत खालच्या दांड्याचे दोन फेरे होतात, पण प्रत्येक झडप एकदांच उघडावयाची असते. म्हणून झडपा हालविणाऱ्या वरच्या दांड्याचें चाक दुप्पट दांत्यांचें असतें, म्हणजे तें निम्म्या वेगानें फिरतें. मुलीनें दोन्ही चाकांचे दांते मोजले. ते दुप्पटच भरले, तेव्हां पुस्तकानें सांगितलेलें खरें निघाल्याचा तिला झालेला आनंद पाहण्याजोगा होता.

दाबलेली हवा तापते यावर मात्र तिचा विश्वास बसेना. आजोबांनीं सायकलचा पंप मागविला, त्याच्या तोंडावर तिला बोट दाबून धरावयास लावलें, आणि वडिलांकडून दहा-वीस वेळां जोरानें दट्ट्या मारविला. पंपाचें टोंक ऊन लागूं लागलें. मग आजोबा स्वतःशींच म्हणाले, "म्हणजे कळ उचलली कीं झडप उघडी राहात असेल. हवा दाबलीच जात नसेल. म्हणूनच हँडल हलकें फिरे." वीस वर्षें हाताला ठाऊक असलेली गोष्ट त्या दिवशीं डोक्याला ठाऊक झाली. हें त्यांनीं कोणास मोठ्यानें सांगितलें नाहीं. नातीनें मात्र ऐकलें.

तिसरे दिवशीं सायंकाळीं यंत्र पुरें झालें. विजेऱ्या घातल्या, कळ दाबली, आणि चारहि दट्टे वरखालीं होऊं लागले, झडपा टकटक उघडूं-मिटूं लागल्या, दिवे लागूं लागले, पुढचा पंखा फिरला. घरांत टाळ्या पडल्या. वडिलांनीं मोबाइलवर चित्र घेऊन नातलगांस पाठविलेंहि. आजोबा कांहीं वेळ कान देऊन बसले, मग त्यांनीं मोटारीची तेवढी तार काढावयास लावून दिवे चालूं ठेवले आणि नातीस म्हणाले, "आतां बोटानें चाक फिरव, अगदीं हळू. माझ्या डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तूंच सांग. दिवा लागतो तेव्हां दट्ट्या कोठें असतो?"

तिनें चाक फिरविलें. दिवा लागला तेव्हां पहिला दट्ट्या तळाशीं होता.

पट्टा चढवितांना दोन्ही चाकांवरील खुणा जुळवावयाच्या होत्या. त्या तिनें जुळविल्याहि होत्या. पण पट्टा चढण्यापूर्वीं दट्टे कसे हालतात याची मौज पाहण्याकरितां तिनें खालचा दांडा थोडा फिरविला होता. तेवढ्यानें वरचें आणि खालचें यांचा मेळ सुटला. मोटारी दुरुस्त करणारे लोक यालाच 'टायमिंग सुटलें' असें म्हणतात. खऱ्या इंजिनांत मेळ एवढा सुटला तर तें सुरूच होत नाहीं. आणि हल्लींच्या पुष्कळ मोटारींत तर चालतां चालतां पट्टा तुटला कीं दट्टे उघड्या झडपांवर आदळून त्या वांकतात. खेळण्यांतील इंजिन मात्र विजेच्या मोटारीच्या जोरावर फिरत असतें; त्यास मेळ असला काय आणि नसला काय, तें फिरणारच. या संचांतला हा मोठा दोष म्हणावा लागेल. चुकलेलें यंत्रहि तो चालवून दाखवितो. पाहणारा सावध नसेल तर चूक तशीच राहते आणि टाळ्याहि मिळतात.

याच्या अगदीं उलट असें एका जुन्या प्रतिकृतीचें उदाहरण आहे. ग्लासगो विद्यापीठांत जेम्स वॅट हा उपकरणें तयार करणारा कारागीर होता. १७६३ सालच्या हिवाळ्यांत प्राध्यापक जॉन अँडरसन यांच्या वर्गांतील न्यूकोमेनच्या बाष्पयंत्राची प्रतिकृति त्याच्याकडे दुरुस्तीस आली. तत्पूर्वीं ती लंडनच्या कारागिराकडेहि जाऊन आली होती. तिचें सिलिंडर दोन इंच व्यासाचें, आणि दट्ट्याची धांव सहा इंचांची. वॅटनें ती जुळविली, तेव्हां दट्ट्यानें चार-दोन फेरे केले आणि तो थांबला. पाणी होतें, विस्तव होता, पण वाफ पुरेना. खेळणें तें खेळणेंच, असें म्हणून वॅटला तें परत पाठवितां आलें असतें. परंतु वाफ जाते कोठें, हें तो शोधीत बसला. न्यूकोमेनच्या यंत्रांत सिलिंडर वाफेनें भरून मग त्यांत थंड पाणी सोडीत; वाफेचें पाणी झालें कीं आंत पोकळी होऊन बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्यास खालीं लोटी. पण त्यामुळें सिलिंडरहि दर वेळीं थंड होई, आणि पुढची बरीचशी वाफ तें तापविण्यांतच खर्ची पडे. मोठ्या यंत्रांत कोळशाच्या राशी घालून ही उधळपट्टी झांकली जात असे. लहान सिलिंडरांत पोटाच्या मानानें अंग अधिक, म्हणून उष्णता अधिक वायां जाई, आणि तो दोष उघडा पडला. वाफ थंड करण्याचें काम निराळ्या भांड्यांत करावें, ही कल्पना वॅटला १७६५ सालीं सुचली, आणि १७६९ सालीं त्यास तिचें पेटंट मिळालें. ती प्रतिकृति ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. ती विजेच्या मोटारीवर फिरणारी असती, तर वॅटनें तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेंहि नसतें.

इकडे पुण्याच्या घरांत अवघड प्रसंग उभा राहिला. पट्ट्यापर्यंत पोंचावयाचें म्हणजे पंखा, पुढचें झांकण आणि वरची पेटी असें सर्व सोडविलें पाहिजे. तीन दिवसांचें काम. मुलीचे डोळे भरून आले. वडील म्हणाले, "अहो नाना, फिरतें आहे ना? असूं द्या आतां. तिला कशाला हिरमुसली करतां?" त्यांच्या म्हणण्यांत माया होती, आणि पाहुण्यांस दाखवावयास यंत्र तयार होतें हेंहि खरेंच. आजोबांनीं आग्रह धरला नाहीं. "तुझें यंत्र आहे, तुला वाटेल तसें कर," एवढें बोलून ते जेवावयास उठले. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. चूक कोठें आहे हें त्यांनीं कानांनीं ओळखलें नव्हतें. त्या प्लॅस्टिकच्या यंत्रास तसा ठोका नसतोच. मोठें यंत्र जोडल्यावर मिस्त्री पहिल्यानें तें हातानें फिरवून पाहतो, ही एवढी रीत त्यांनीं पाणी आणतां आणतां पाहिली होती.

रात्रीं पेटी मुलीच्या उशाशीं होती. सकाळीं आजी उठल्या, तेव्हां मिसळणाच्या डब्याच्या वाट्यांत पुन्हां स्क्रू पडलेले आणि मुलगी जमिनीवर पोटावर पडून खुणा जुळवीत असलेली त्यांस दिसली. घाईंत झांकणाची एक खुंटी मोडली. तें झांकण पुढें कधींच नीट बसलें नाहीं, आणि दोऱ्यानें बांधून ठेवावें लागलें. दोन प्रहरीं दिवा लागला, त्या वेळीं पहिला दट्ट्या माथ्याला होता आणि दोन्ही झडपा मिटलेल्या होत्या.

वडील सायंकाळीं कचेरींतून परतल्यावर यंत्राशेजारीं बसले. पेचकस त्यांनीं हातांत घेतला नाहीं. बराच वेळ ते बोटानें चाक फिरवीत होते. दिवे पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या आणि मग दुसऱ्या सिलिंडरावर लागत होते. त्यांनीं विचारलें, "एकानंतर दोन कां नाहीं? हें तरी बरोबर आहे ना?"

"एक आणि चार बरोबर वर येतात," ती म्हणाली, "तेव्हां दोन आणि तीन खालीं असतात. एक पेटून खालीं गेला कीं दोन आणि तीन वर येतात. पुढची पाळी त्या दोघांपैकींच एकाची."

"मग दोनाची कां नको?"

"दोनाचीहि चालते. पण मग क्रम एक, दोन, चार, तीन असा लागतो. एक, दोन, तीन, चार असा मात्र कधींच जमत नाहीं. तुम्हीच फिरवून पाहा ना, बाबा."

ते फिरवून पाहूं लागले. तेवढ्यांत आजोबांनीं बसल्या जागेवरून विचारलें कीं, या इंजिनास डोक्यावरची ती कळ कोठें आहे. कळ नव्हतीच, विजेरीवरच्या यंत्रास तिची गरजहि नव्हती. मुलगी स्वयंपाकघरांत जाऊन आगपेटींतील एक काडी घेऊन आली. तिचें टोंक मोडून तें तिनें पहिल्या सिलिंडरच्या बाहेर टाकणाऱ्या झडपेखालीं अलगद सारलें, तशी ती झडप थोडी उघडी राहिली. मग आजोबांचें बोट धरून तिनें तें चाकावर ठेवलें. दट्ट्या वर गेला, खालीं आला, पुन्हां वर गेला. तीन-चार फेरे झाल्यावर आजोबांनीं वांकून, चष्मा वर करून, ती काडी स्वतःच्या हातानें काढून घेतली.